जुनी आरएक्स हंड्रेड उभी करायचीय? आधी कागद, मग टाकी, शेवटी इंजिन

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दुप्पट केलं. बातम्यांमध्ये आकडे गाजले ते मोटारींचे, पाच हजारांचे दहा हजार झाले म्हणून. दुचाकीचे एक हजाराचे दोन हजार झाले, ती ओळ खाली कुठंतरी होती. त्याच महिन्यात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून म्हणजे ई-२० वरून समाजमाध्यमांवर रणकंदन चाललं होतं. इकडं महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी बसवण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढं ढकलली जात होती.

तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वाचल्या तर फार काही वाटत नाही. पण तुमच्या डोक्यात 'एखादी जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन ती नव्यासारखी करावी' असा किडा वळवळत असेल, तर या तिन्ही बातम्या एकाच गाडीवर येऊन आदळतात. आणि ती गाडी बहुतेक वेळा यामाहा आरएक्स हंड्रेडच असते. किंवा मग राजदूत, येझदी, सुझुकीची एएक्स हंड्रेड, हिरो होंडाची सीडी हंड्रेड.

ही हौस आता फक्त हौस राहिलेली नाही. चांगल्या अवस्थेतल्या आरएक्स हंड्रेडला लोक लाखाच्या पुढचे आकडे सांगतात. एवढे पैसे घालताना आपण नेमकं काय विकत घेतोय, हे कळायला हवं. कारण बाजारात ती दागिना आहे आणि कायद्याच्या नजरेत फक्त 'मुदत संपत आलेलं वाहन'.

व्हिंटेज म्हणजे नेमकं किती जुनं?

आपण बोलताना सर्रास 'व्हिंटेज बाइक' म्हणतो. कायद्यात मात्र या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी हीच व्हिंटेज. तीही मूळ रूपात राखलेली हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क वीस हजार, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी पाच हजार. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

इथं एक मेख आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज कामावर न्यायला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं-आणणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

आता आरएक्स हंड्रेडचा हिशेब बघा. एस्कॉर्ट्सच्या मदतीने यामाहाने ही गाडी भारतात आणली १९८५ च्या शेवटी. उत्पादन थांबलं १९९६ मध्ये. म्हणजे अगदी पहिल्या खेपेतली गाडीसुद्धा २०३५ च्या आधी व्हिंटेज होत नाही, आणि शेवटच्या खेपेतली २०४६ मध्ये होईल. तोवर तिला दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वीस वर्षांपुढचं दुप्पट शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर, हे सगळं लागू. एखाद्या खटारा झालेल्या स्कूटरला जे नियम, तेच हिला.

बाहेरच्या देशांत हा कप्पा वेगळा पाडलेला आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत तीस वर्षांनंतर, गाडी मूळ रूपात चांगली राखलेली असेल, तर नंबरच्या शेवटी 'एच' लागतो आणि कर सवलतीत मिळतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो आणि वार्षिक तपासणीची सक्तीही बहुतेक गाड्यांना उरत नाही. आपल्याकडे पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत असा काहीच टप्पा नाही. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाने बनवलेल्या पहिल्या गाड्या, साठच्या दशकातल्या राजदूत, या आता पन्नाशी ओलांडून गेल्या. पण ज्या गाड्यांसाठी आज सगळ्यात जास्त पैसे मोजले जातात, त्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आहेत आणि त्या नेमक्या या खड्ड्यात पडतात.

कागद बघायच्या आधी इंजिन सुरू करू नका

किक मारली, टिंग-टिंग आवाज आला, की माणूस भुलतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी आरसी मागा. झेरॉक्स नव्हे, मूळ.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी 'वाहन' या सरकारी प्रणालीत दिसते का. परिवहनच्या साइटवर किंवा अॅपवर नंबर टाकून बघता येतं. एमएच सुरू व्हायच्या आधीच्या, तीन अक्षरी मालिकेतल्या कित्येक गाड्यांची नोंद अजून कागदी रजिस्टरमध्येच आहे. मूळ आरटीओत जाऊन 'बॅकलॉग एंट्री' करून घेतल्याशिवाय ती ऑनलाइन येत नाही, आणि ऑनलाइन आल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. ना नूतनीकरण, ना नाव बदलणं, ना एचएसआरपीचं बुकिंग. एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला ही प्लेट महाराष्ट्रात सक्तीची आहे. दुचाकीसाठी दर ४५० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ५३१. पैसे किरकोळ आहेत, पण बुकिंगच्या वेळी चेसी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे जुळावे लागतात. जुन्या गाडीचं घोडं नेमकं तिथं अडतं.

कारण तीस-पस्तीस वर्षांत इंजिन बदललेलं असतं. आरएक्सच्या बाबतीत तर हे अगदी नेहमीचं. शंभरच्या चेसीत एकशे पस्तीसचं इंजिन बसवलेल्या गाड्या ढिगाने आहेत. पिकअप जबरदस्त, म्हणून पोरं खूश. पण आरसीवरचा क्रमांक वेगळा, क्रँककेसवरचा वेगळा. हा फरक आरटीओच्या परवानगीने नोंदलेला नसेल, तर तुम्ही घेताय ते अर्धी ओळख असलेलं वाहन. चेसी क्रमांक हँडलच्या मानेजवळ असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, आरटीओतही असंच करतात. आकडे एकसारख्या खोलीचे नसतील, आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला वाटला, तर गाडी कितीही देखणी असली तरी हात जोडून निघा. चोरीची गाडी दहा वर्षांनी सापडली तरी ती चोरीचीच असते.

दुसरी गोष्ट मालकाचं नाव. गावाकडं गोठ्यात, पडवीत उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात, आणि तो माणूस जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली असतात. 'अहो, घरचीच गाडी आहे, घेऊन जा' असं मुलगा म्हणतो. मनाने तो खराच असतो. पण मयताच्या नावावरून गाडी थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती, आणि मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्याकडं. तीन भाऊ असतील आणि त्यातला एक बोलत नसेल, तर गाडी त्या गोठ्यातच राहते. असे व्यवहार करायचे तर पूर्ण पैसे आधी देऊ नका. थोडा इसार द्या, गाडी त्यांच्या नावावर होऊ द्या, मग बाकीचे.

तिसरी गोष्ट खर्चाची, आणि इथं बऱ्याच जणांचा हिशेब कोलमडतो. समजा गाडी १९८९ ची आहे. पहिली पंधरा वर्षं २००४ ला संपली, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होत २०१९ पर्यंत आली आणि नंतर मालकाने लक्षच दिलं नाही. नियमांत नूतनीकरणाच्या अर्जाला उशीर झाला तर दुचाकीला दरमहा तीनशे रुपये जादा शुल्क आहे. साडेसहा वर्षांचा उशीर म्हणजे ७८ महिने, म्हणजे २३,४०० रुपये. मूळ दोन हजार शुल्क वेगळं, पर्यावरण कर वेगळा. कार्यालय उशीर कुठपासून मोजतं आणि एकूण आकडा किती सांगतं, हे सौदा ठरायच्या आधी तिथं जाऊन विचारा. एजंट 'पाच हजारांत करून देतो' म्हणाला, तर ते पाच हजार कशाचे, हेही विचारा.

दिल्लीहून स्वस्त गाडी आणायचं आमिष हल्ली बरेच जण दाखवतात. तिकडं पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांवर सक्तीची कारवाई करू नका म्हटलं, डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरता ठेवला. म्हणजे तिथल्या जुन्या टू-स्ट्रोक मालकांना गाडी विकायची घाई असणारच. पण फॉर्म २८ ची एनओसी, इथली पुन्हा नोंदणी, इथला कर, वाहतूक हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी सरसकट वयाची बंदी नाही, म्हणून इथल्या नंबरची, इथल्या कागदांची गाडी थोडी महाग पडली तरी परवडते.

ई-२० : खरी भीती कशाची आहे

आता टाकीकडं येऊ. ई-२० वर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, इंजिनं जळून जाणार. दुसरा म्हणतो, काही होत नाही, सगळी अफवा. नव्या गाड्यांबाबत दुसऱ्याचं बरंचसं खरं आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० ला टिकणारे रबर-प्लास्टिकचे भाग आहेत. पण १९८९ च्या कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आकड्यांत समजून घेण्यासारखा आहे.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला फक्त ९ पट पुरते. वीस टक्के मिश्रणाला हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरजवळचा सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंधन थोडं वाढवतो. कार्बोरेटरला डोकं नसतं. त्यात पितळेचा एक जेट असतो, त्याला ठरावीक मापाचं भोक असतं, आणि त्यातून जेवढं जाईल तेवढंच जातं. म्हणजे पूर्वीइतकीच हवा आणि पूर्वीइतकंच इंधन, पण त्या इंधनाला आता कमी हवा लागते. परिणाम असा की मिश्रण सात-आठ टक्के 'लीन' होतं, हवा जास्त आणि इंधन कमी.

फोर-स्ट्रोकला हे बऱ्यापैकी झेपतं. उलट बऱ्याच जुन्या गाड्या मुळात थोड्या 'रिच' ठेवलेल्या असतात, त्यामुळं कधीकधी फरक जाणवतही नाही. टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिच्यात इंधनासोबत येणारं ऑइलच पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगला वंगण देतं, आणि आत येणारं गार मिश्रणच पिस्टनला थंड ठेवायला मदत करतं. मिश्रण लीन झालं की पिस्टन जास्त तापतो, फुगतो आणि घाटात किंवा हायवेवर सलग ऐंशीने चालवताना सिलिंडरला चिकटतो. यालाच मिस्त्री 'पिस्टन जाम' किंवा 'सीझ' म्हणतात. मागचं चाक अचानक लॉक होतं. हा फक्त खर्चाचा विषय नाही, मागून ट्रक येत असेल तर जिवाचा विषय आहे.

उपाय अवघड नाही. मेन जेट एक-दोन माप मोठा घालायचा, मग प्लगचा रंग बघायचा. गाडी वेगात थोडी पळवून क्लच दाबून इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा. चॉकलेटी असेल तर बरोबर, पांढरट-राखाडी असेल तर अजून लीन आहे, काळा ओला असेल तर जास्त झालं. ही जुनी पद्धत आजही चालते. मिस्त्रीला 'जेटिंग ई-२० ला धरून कर' असं मुद्दाम सांगावं लागतं, कारण बरेच जण अजून पूर्वीच्याच मापाचा जेट घालून मोकळे होतात.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला याने काही होत नाही, टाकी आठवड्यात रिकामी होते. हौसेची गाडी मात्र महिन्यातून एकदा बाहेर निघते. त्यात कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा, आणि झाकणाचं रबर तीस वर्षांचं. पाणी एका मर्यादेच्या पुढं गेलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. कॉक टाकीच्या तळातूनच इंधन घेतो, म्हणजे इंजिनाकडं आधी जातं ते हे पाणचट मिश्रण. राजदूतसारख्या गाडीत आपण टू-टी ऑइल पेट्रोलातच मिसळतो. ते ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच. गाडी सुरू झालीच, तर कोरडी चालते.

म्हणून गाडी दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवा. इंधनाची नळी, कॉकचे वॉशर, फ्लोटची सुई, कार्बोरेटरची ओ-रिंग हे सगळं पहिल्याच फेरीत बदला. नळी घेताना 'व्हायटॉन'ची मागा. साधी काळी रबरी नळी काही महिन्यांत फुगते किंवा कडक होऊन तडकते. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. इथेनॉल चांगलं विरघळवणारं द्रव्य आहे. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ आणि गंज ते सोडवतं आणि थेट जेटमध्ये नेऊन बसवतं. गंजलेल्या टाकीला आतून लावलेले काही जुन्या प्रकारचे लेप तर त्यात सालपटासारखे सुटतात. टाकी आधी साफ न करता नवा कार्बोरेटर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

सरकारचं म्हणणं इथं नोंदवायला हवं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्तात होतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं मायलेज तीन-चार टक्के घटेल असा अंदाज होता. हे आकडे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण ते रोज चालणाऱ्या, बऱ्यापैकी अलीकडच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून मांडलेले आहेत. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या टू-स्ट्रोकला वीस हजार किलोमीटर गाठायला चाळीस वर्षं लागतील. तिचं रबर किलोमीटरने नाही, उभं राहून सडतं. पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय द्या, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. म्हणजे नजीकच्या काळात गाडीलाच इंधनाशी जुळवून घ्यावं लागणार.

आता इंजिन

इंजिनाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर सल्ला द्यायला प्रत्येक चौकात कुणीतरी बसलेलं असतंच.

आरएक्स हंड्रेडचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी, त्यातून येतात ९८ सीसी. सिलिंडर झिजला की लेथवाला तो पाव-पाव मिलिमीटरने वाढवतो आणि त्या मापाचा पिस्टन बसवतो. सहसा एक मिलिमीटरपर्यंत जाता येतं. विकणाऱ्याला विचारा, कितवा बोअर आहे? शेवटचा झाला असेल तर स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक, आणि बाजारातल्या नव्या ब्लॉकांचा दर्जा एकसारखा नाही. मूळ ब्लॉक जपलेली गाडी घासलेली दिसली तरी चकाचक गाडीपेक्षा मोलाची.

टू-स्ट्रोक घेताना धूर नीट बघा. सुरुवातीला निळसर धूर ठीक, गरम झाल्यावर तो कमी व्हायला हवा. गरम झाल्यावरही दाट धूर आणि जळक्या गिअर ऑइलचा वास येत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलेलं आहे, इंजिन गिअरबॉक्समधलं तेल पितंय. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर उलट होतं. तिथून हवा आत शिरते, रेस आपोआप वर जाते, खाली यायला वेळ लावते. ई-२० मुळं आधीच लीन झालेलं मिश्रण आणखी लीन होतं. सील शे-दोनशे रुपयांचं, पण ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. सौद्याला बसायच्या आधी हे कळलं तर किंमत पाडायला उपयोगी.

रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात. आधी टाकी चकचकीत रंगवतात, स्टिकर लावतात, फोटो टाकतात, मग इंजिन उघडतं आणि पैसे संपतात. अशा अर्धवट गाड्याच पुढं 'फक्त किरकोळ काम बाकी' म्हणून विकायला येतात. रंग बदलायचा असेल तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो.

आणि कृपा करून कॅफे रेसर करू नका. तुमची गाडी, तुमचा निर्णय, हे मान्य. पण जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मालकाला हवा तसा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पोलिसांनी रोलर फिरवलेल्या सायलेन्सरांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. शिवाय चेसी कापलेली गाडी उद्या पन्नाशीला पोचली तरी व्हिंटेजच्या व्याख्येत बसणार नाही. आज कापलेले चार इंच २०४० मध्ये भोवतील.

धुराचा प्रश्न उरतोच

जुन्या गाडीवाल्यांना आवडणार नाही, पण ही बाजूही सांगायला हवी. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर ढकलायचं काम ताजं मिश्रणच करतं, आणि ते करताना त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. कितीही ट्यून केलं तरी हे पूर्ण थांबत नाही, रचनाच तशी आहे. म्हणून पीयूसीमध्येही मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत सूट आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६,०००. नीट सील, नीट जेटिंग केलेली आरएक्स आपल्या काळाच्या मर्यादेत आरामात बसू शकते. पण ती मर्यादाच सैल आहे.

त्यामुळं 'आमच्या गाड्यांना सगळं माफ करा' ही मागणी टिकणारी नाही. मागायचंच असेल तर तीस वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी मधला वर्ग मागायला हवा. वर्षाला ठरावीक किलोमीटर, कडक तपासणी, आणि त्या बदल्यात नूतनीकरणाचं माफक शुल्क. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी गाडी शहराच्या हवेत किती भर घालते आणि रोज पन्नास किलोमीटर धावणारी, बारा वर्षं ट्यूनिंग न झालेली गाडी किती घालते, हे वयाच्या एका आकड्याने मोजता येत नाही.

मग पहिली गाडी कोणती?

आरएक्सच हवी असेल तर वरचं सगळं वाचून, कागद साफ असलेलीच घ्या. पण पहिल्यांदाच हात काळे करणार असाल, तर माझं मत हिरो होंडा सीडी हंड्रेडच्या बाजूने पडतं. १९८५ ची, फोर-स्ट्रोक, ९७ सीसी. त्याच घराण्यातलं इंजिन पुढं स्प्लेंडरमध्ये चाललं, त्यामुळं तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ते डोळे झाकून उघडतो, आणि पिस्टन-रिंगसाठी पुण्याच्या नाना पेठेत चार दुकानं फिरायची वेळ येत नाही. ई-२० चा धक्काही तिला कमी बसतो. रुबाब आरएक्सचा नाही, मान्य. पण किंमतही तशी नाही.

आणखी स्वस्तात शिकायचं तर लुना. १९७२ पासून नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या कायनेटिकने ती बनवली, पन्नास सीसी, गिअर नाहीत, एका शनिवारी अख्खं इंजिन उघडून परत बसवता येतं. शिवाय सगळ्यात जुन्या लुना आत्ताच पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत, म्हणजे कागद असतील तर त्या कायद्यानेही व्हिंटेज ठरू शकतात. गंमत म्हणजे ज्या गाडीला कुणी कधी रुबाबदार म्हटलं नाही, ती या रांगेत आरएक्सच्या तेरा वर्षं पुढं उभी आहे.

पैशाची शेवटची तुलनाही करून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाहनांच्या सुट्या भागांवरचाही आता १८ टक्के आहे, त्यामुळं बिलाने घेतलेले पार्ट थोडे उतरले. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता ७५ ते १५० सीसी गटात ७१४ रुपये आहे, तो जुन्या-नव्याला सारखाच. शोरूममधली नवी शंभर सीसी आणि पूर्ण उभी केलेली आरएक्स यांच्या किमती आता एकमेकींच्या जवळ आल्यात, आणि बऱ्याचदा जुनीच महाग पडते. नवी घ्यायची ती कामाला. जुनी घेणार असाल तर गाडीच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीला आणि त्याच्या पाव हिस्सा कागदांना बाजूला काढून ठेवा, आणि पहिली चक्कर मिस्त्रीकडं नाही, आरटीओकडं मारा.